कळकाचे काटे कोणी काढले?

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्याही पलीकडे, किनाऱ्यावर, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पूर्वेला चिल्हारचा रस्ता धरला की थोड्याच वेळात साग, ऐन, खैर, पळस अशी झाडी आणि टेकाडं लागतात. इथली कित्येक घरं या दोन्ही दिशांवर जगतात. थोरला मुलगा पहिल्या पाळीला कारखान्यात जातो आणि मृगाचा पाऊस झाला की त्याची आई रानातून शेवळं आणि काकडं आणून बाजारात बसते. अशा भागातल्या वाचकाने परिस्थितिकीच्या एका प्राध्यापकाचं संशोधन का वाचावं, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचं उत्तर या प्रस्तावनेत द्यायचं आहे.

माधव गाडगीळ हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक झालं ते पश्चिम घाटाच्या अहवालामुळे. 2011च्या त्या अहवालाच्या बाजूने आणि विरोधात इतकं बोललं गेलं, की त्याआधीची त्यांची चाळीस वर्षं झाकोळूनच गेली. समर्थकांनी त्यांना ऋषी केलं आणि विरोधकांनी विकासाचा शत्रू. दोघांपैकी फार थोड्यांनी त्यांचे शोधनिबंध उघडले असतील. हे पुस्तक मुद्दाम दुसऱ्या टोकापासून सुरू होतं. हा माणूस मुळात गणिताने जीवशास्त्र करणारा होता, मोजल्याशिवाय बोलायचं नाही या शिस्तीत वाढलेला. आणि या शिस्तीतूनच तो गावकऱ्यांच्या बाजूला येऊन पोचला. गावाबद्दलच्या जिव्हाळ्याने नव्हे, निदान निव्वळ जिव्हाळ्याने तरी नव्हे. माझ्या मते त्यांच्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती बांबूच्या अभ्यासात.

1970च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात बांबू संपत चालल्याची ओरड सुरू झाली होती. बुरूड म्हणत, कागद गिरण्यांनी जंगल साफ केलं. गिरण्या आणि वनखातं म्हणत, गावकऱ्यांची गुरं आणि चोरटी तोड याला कारण आहे. गिरण्यांना सुरुवातीच्या करारांनी बांबू मिळत होता टनाला दीड रुपयाच्या आसपास. तोच बांबू बुरूडाला बाजारातून घ्यायचा तर टनामागे हजारांच्या घरात पैसे मोजावे लागत. गाडगीळ तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. सरकारने त्यांना अभ्यास करायला सांगितलं आणि ते विद्यार्थ्यांना घेऊन उत्तर कन्नडच्या रानात बेटं मोजत बसले. एका बेटात किती काठ्या आहेत, यंदा किती कोंब फुटले, त्यांतले किती जगले, अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या.

कळकाचं, म्हणजे काटेरी बांबूचं, बेट ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला ठाऊक असतं, की त्याच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं घट्ट जाळं असतं. हात घालायची सोय नाही. तोड करणाऱ्याला ते अडचणीचं. वनखात्याच्या शास्त्रीय व्यवस्थापनात हे जाळं साफ करावं असं सांगितलं होतं, म्हणजे बेट मोकळं राहतं आणि वाढ चांगली होते. गिरणीचे मजूर त्याप्रमाणे काटे काढत. गावकरी मात्र म्हणत होते, की काटे काढले म्हणूनच बांबू मरतोय. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोंब लुसलुशीत असतो. गुरं, साळिंदर, वानर सगळेच त्यावर टपलेले. काट्यांचं कुंपण आहे तोवरच तो वाचतो.

गाडगीळांनी गावकऱ्यांचं ऐकलं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. साफ केलेली बेटं आणि न केलेली बेटं यांची तुलना केली. गावकरी बरोबर निघाले. साफ केलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते. शिवाय रानात बांबू किती आहे याचे जे अंदाज धरून गिरण्यांना तोडीचे करार दिले होते, ते अंदाजच प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेले होते. पुढे त्यांच्या लेखनात वनखात्याच्या ‘शास्त्रीय’ या विशेषणाबद्दल जो तिखटपणा दिसतो, त्याचं मूळ या बेटांत आहे. तो राग राजकीय नव्हता. ज्याला शास्त्र म्हणतात ते कोणी तपासूनच पाहिलं नव्हतं, याची ती चीड होती.

आता थोडं मागे जाऊ. 24 मे 1942 रोजी पुण्यात जन्म. वडील धनंजयराव गाडगीळ, नामवंत अर्थशास्त्रज्ञ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक, पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. घराशेजारी इरावती कर्वे. ज्या मुलाला जेवणाच्या ताटावर अर्थशास्त्र आणि शेजारच्या ओसरीवर समाजशास्त्र मिळालं, तो पुढे जंगलाकडे पाहताना माणसं वगळू शकला नाही, यात नवल नाही. शाळकरी वयात वेड्या राघूच्या शेपटीतली लांब पिसं दिसेनाशी का होतात, असं त्याने पक्षितज्ज्ञ सालिम अलींना पत्राने विचारलं आणि पक्षी पिसं झाडतो त्याचा हा काळ, असं उत्तर त्यांच्याकडून आलं. ज्याच्या पहिल्या प्रश्नाला असा माणूस उत्तर देतो, तो आयुष्यभर प्रश्न विचारत राहणारच. धरणं आणि वीज हवी असं मानणारे वडील कोयनेच्या बांधकामावर मुलाला घेऊन गेले तेव्हा, या विजेची किंमत जंगलाने आणि उठवलेल्या माणसांनी किती द्यायची, असा प्रश्न त्यांनीच केला. तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी अक्करपट्टी-पोफरण ज्यांनी सोडलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबईची विज्ञान संस्था, आणि 1965 साली हार्वर्ड. गेले होते मत्स्यशास्त्र करायला, वळले गणिती परिस्थितिकीकडे. 1969 साली पीएच.डी. मिळाली. त्या काळातला विल्यम बॉसर्ट यांच्यासोबतचा 1970चा निबंध आजही जगभर शिकवला जातो. त्याचा विषय असा: सजीवाजवळ शक्ती मर्यादित असते. ती वाढीवर खर्चायची की पिलावळीवर, आणि पिलावळीवर खर्चायची तर थोडी थोडी दर वर्षी की एकदाच सगळी? आंबा दर वर्षी मोहरतो, एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त. कळक चाळीस-पन्नास वर्षं नुसता वाढतो, मग रानभर एकदम फुलतो, बी टाकतो आणि मरतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना कळक फुलल्याचं साल आठवतं, कारण त्या वर्षी उंदीर फार होतात आणि पाठोपाठ दाण्याची नासाडी येते. हार्वर्डमध्ये बसून कागदावर केलेलं हे गणित पुढे त्यांनी कर्नाटकातल्या बांबूच्या दोन जातींना लावलं आणि 1984 साली प्रसिद्ध केलं. सिद्धान्त आधी आणि रान मागाहून, असं क्वचितच इतकं नीट जुळतं.

हार्वर्डच्याच काळातला दुसरा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावच्या हिरवळींवर उगवणारं एक पिवळं रानफूल. सतत तुडवल्या जाणाऱ्या, छाटल्या जाणाऱ्या जागी त्याचा एक प्रकार माजतो, जो भराभर भरपूर बी करतो. शांत जागी दुसरा प्रकार टिकतो, जो पानांवर जास्त आणि बियांवर कमी खर्च करतो. म्हणजे जमिनीला किती त्रास दिला जातो हे तिथल्या तणाकडे बघून कळतं. बोईसरच्या रस्त्याकडेला, भरावावर, कारखान्याच्या भिंतीशी काय उगवतं आणि चार मैलांवरच्या टेकाडावर काय उगवतं, याची यादी महाविद्यालयातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका पावसाळ्यात करता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

1971 साली ते परतले. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी देवरायांचा अभ्यास सुरू केला. देवराई तोवर लोकांच्या श्रद्धेचा, फार तर लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा विषय होता. या दोघांनी तिथल्या झाडांची, वेलींची नोंद केली आणि भोवतालचे डोंगर बोडके झालेले असताना या राया मूळ जंगलाचे शेवटचे तुकडे म्हणून उरल्या आहेत हे दाखवलं. त्या वेळी श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवलं, की आमची राई तोडीसाठी खुणावली आहे, तुम्ही या. गावाच्या पाण्याचा ओहोळ त्या राईतून निघत होता. राई गेली तर पाणी जाईल, असं गावाचं म्हणणं. दोघे गेले, पाहिलं, वनखात्याकडे रदबदली केली आणि तोड थांबली. देवाच्या भीतीने राई राखली जाते असं आपण म्हणतो. गाणीचे लोक पाण्याबद्दल बोलत होते. देव आणि पाणी हे दोन वेगळे विषय आहेत असं त्यांना वाटतच नव्हतं, हे गाडगीळांच्या ध्यानात आलं आणि तिथून त्यांच्या विचाराला वळण मिळालं.

पालघरच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. वारली पाड्यांत वाघबारशीला वाघदेवापुढे नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं. वाघोबाच्या या ठाण्यांचा अभ्यास मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत झाला आहे आणि 2021 साली प्रसिद्धही झाला आहे. बिबट्याच्या शेजारी राहण्याची एक रीत इथे शतकानुशतकं चालत आली आहे, असा त्याचा आशय. हा गाडगीळ-वर्तकांच्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणायला हरकत नाही.

इतिहासातही आपला जिल्हा या कथेच्या बाहेर नाही. रामचंद्र गुहा यांच्यासोबत त्यांनी 1992 साली भारताच्या वनांचा जो इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यातलं मुख्य म्हणणं असं, की इंग्रजांनी रान सरकारजमा केल्यावर ते कोणाचंच राहिलं नाही. राखणाऱ्याचा हक्क गेला तशी राखणही गेली. जुन्या ठाणे जिल्ह्यात हे फार लवकर घडलं. मुंबईला लाकूड-कोळसा इथून जायचा. भाताच्या राबासाठी फांद्या छाटायच्या की नाहीत यावरून शेतकरी आणि जंगलखातं यांच्यात इतकं पेटलं, की 1885 साली ठाणे आणि कुलाब्यातल्या तक्रारींच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढे जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांची वेठ आली आणि 1945 साली त्याविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. हे सगळं आपल्याला आंदोलनाचा इतिहास म्हणून माहीत आहे. जंगलाचा इतिहास म्हणून ते वाचायची सवय मात्र आपण अजून लावून घेतलेली नाही.

बंगळूरला त्यांनी परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभं केलं. त्यांच्याच हाताखाली हत्तींवर, मुंग्या-गांधीलमाश्यांवर, रानांवर काम करणारी पिढी तयार झाली. देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र, 1986चं निलगिरी, त्यांच्या आराखड्यातून आलं. केरळातल्या सायलेंट व्हॅली प्रकल्पाच्या समितीत ते होते. पद्मश्री, पद्मभूषण, टायलर पारितोषिक, 2024 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सन्मान. यादी मोठी आहे आणि ती इथे वाढवण्यात अर्थ नाही. पुस्तकात ती सापडेल.

आता त्या अहवालाकडे. मार्च 2010मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला गेला, अध्यक्ष गाडगीळ. ऑगस्ट 2011मध्ये अहवाल सादर झाला. सरकारने तो दाबून ठेवला आणि माहिती अधिकाराच्या लढाईनंतर 2012 साली तो लोकांपुढे आला. घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला गुण दिले होते आणि त्यावरून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. गोंधळ इथेच झाला. लोकांना वाटलं, तिघा-चौघा शास्त्रज्ञांनी दिल्लीत बसून आमच्या गावावर रेघ मारली. अहवालात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, की हे चौकोन सुरुवात म्हणून आहेत, शेवटची हद्द आणि नियम ग्रामसभांनी ठरवायचे. त्यासाठी अहवाल स्थानिक भाषेत गावोगाव जायला हवा होता. तो गेला नाही. मग कस्तुरीरंगन समिती आली. तिने उपग्रहाच्या चित्रांवरून सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवलं आणि ग्रामसभेचा मुद्दा मागे पडला.

घाटाची हद्द ठरवताना गटाने पश्चिमेकडे दीडशे मीटर उंचीपासूनचं जंगल धरलं. जव्हार-मोखाड्याचे डोंगर सह्याद्रीचेच, पण बोईसर-तारापूरची सपाटी त्यात येत नाही. मग अहवालाचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे तो रत्नागिरीच्या प्रकरणात. लोट्याच्या रासायनिक वसाहतीत गट गेला तेव्हा सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र पुरं पडत नसल्याचं, खाडीतली मासळी संपल्याचं आणि तक्रार करणाऱ्या माणसांनाच अडवलं जात असल्याचं दिसलं. आणखी एक गोष्ट तिथे नोंदली आहे. कोणत्या भागात कोणता उद्योग पेलवेल याची नकाशावली पर्यावरण मंत्रालयानेच करवून घेतली होती. ती लोकांना दाखवली गेली नाही आणि जागा ठरवताना वापरलीही गेली नाही.

लोट्याच्या जागी तारापूर लिहा आणि दाभोळ खाडीच्या जागी नवापूर-आलेवाडीचा किनारा. आणखी एका शब्दाचाही फरक करावा लागणार नाही. तारापूरच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2022 साली कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्राला दंड ठोठावला, तोही मच्छिमार संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. खरं तर हा भाग नियमाविना कधीच नव्हता. जून 1991च्या अधिसूचनेने डहाणू तालुका संवेदनशील ठरवला आणि भोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायला सांगितलं. 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्याने 1998मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, पुढच्या काळात, 2023मध्ये सशर्त परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पायाभरणी झाली. पंचवीस वर्षांत समुद्र बदलला की मोजणारे बदलले, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत मी लपवत नाही: वरून आलेलं संरक्षण वरूनच काढून घेतलं जातं. गाडगीळ हेच सांगत होते आणि पर्यावरणवाद्यांतल्या अनेकांना ते रुचत नव्हतं.

इथे त्यांच्याशी माझा वादही आहे. ग्रामसभेवरचा त्यांचा भरवसा मेंढा-लेखा किंवा पाचगावसारख्या गावांतून आलेला आहे. ही गावं चंद्रपूर-गडचिरोलीची, एकजिनसी, रानावर जगणारी. पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी आणि आग लावावी लागते. हे थोर आहे. पण बोईसरच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत बरीचशी वस्ती भाड्याच्या खोल्यांत राहते, जमिनी विकल्या गेल्या आहेत आणि सरपंचाचा भाऊच मुरूम पुरवतो. अशी ग्रामसभा दगडखाणीच्या बाजूने हात वर करणारच नाही, याची हमी कोणी द्यावी? गाडगीळांकडे याचं पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. तसंच शिकारीला सरसकट बंदी घालणाऱ्या वन्यजीव कायद्यावरची त्यांची टीका. रानडुकरांनी भात नासवलेला इथला शेतकरी तिच्यावर टाळ्या वाजवील, वाघांचे अभ्यासक मात्र कपाळाला हात लावतील. दोन्ही बाजू पुस्तकात आल्या आहेत, वाचकाने त्या पाहाव्यात.

पण त्यांच्या पद्धतीला या आक्षेपांनी धक्का बसत नाही. 1990च्या दशकात त्यांनी घाटातल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि पदवीचे विद्यार्थी यांना हाताशी धरून आपापल्या परिसरातलं जीवन मोजायचं जाळं विणलं. त्यातूनच लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची कल्पना पुढे आली आणि 2002च्या जैवविविधता कायद्यात तिला जागा मिळाली. शेवळं कुठे उगवतात, कोरल आणि लोत कोणत्या महिन्यात मिळते, कोणता ओढा फेब्रुवारीत आटायचा आणि आता डिसेंबरातच आटतो, कोणता मासा जाळ्यात यायचा बंद झाला आणि कधीपासून, ही सगळी माहिती त्या वहीत गावाने स्वतः लिहायची आहे. अशी वही नीट लिहिली गेली तर जनसुनावणीच्या दिवशी कंपनीच्या जाडजूड अहवालासमोर ठेवायला गावाकडे कागद असतो. नाहीतर नुसता आवाज असतो, आणि आवाजाची इतिवृत्तात एक ओळ होते.

कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती आहेही, पण वही पुरी करण्याची सरकारी मुदत संपायच्या आत कोण्या सल्लागाराने एका गावाची नावं दुसऱ्या गावात उतरवून भरलेली. म्हणून हे पुस्तक हातात घेणाऱ्यांना एक विनंती. बांबूवरचं प्रकरण आधी वाचा, ते सर्वांत सोपं आहे. मग आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागा. ती नसेल तर लेखी अर्ज द्या. असेल तर गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन बायकांना सोबत घेऊन बसा, त्यांना ती वाचून दाखवा, आणि त्या जिथे जिथे नाही म्हणतील तिथे दुरुस्ती सुचवून समितीकडे द्या.